काटा आधी, पान नंतर

पुण्याहून सोलापूरकडे निघालो, की भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी दिसू लागते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काटेरी झाडे सुरू होतात. गाडीतला जो तो त्यांना बाभळी म्हणतो. ओढ्याकाठी काळ्या सालीचे झाड उभे असते ती खरी बाभूळ. मागच्या माळावर फिकट खोडाचे, माथा पसरलेले झाड दिसते तो हिवर. पडीक रानात दाट, आडवीतिडवी माजलेली दिसते ती वेडी बाभूळ, आणि तिचे बाभळीशी नाते फार दूरचे आहे. सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेले, लांबट पानांचे, एकही काटा नसलेले झाड दिसले तर ते ऑस्ट्रेलियाकडचे. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या नियमांप्रमाणे या चौघांपैकी ‘अकेशिया’ म्हणवून घेण्याचा हक्क फक्त या चौथ्यालाच आहे. ज्या झाडावरून अकेशिया ही प्रजाती ठरली, ती आपली बाभूळ त्या नावाला मुकली आहे. ही हकीकत पुढे येईल. आधी झाड ओळखायला शिकू.

झाड ओळखायचे म्हणजे पान बघायचे, ही सवय आपल्याला शाळेतल्या वह्यांनी लावली. आंबा, वड, पिंपळ, साग यांच्याबाबतीत ती चालते. बाभूळ, हिवर, खैर, शमी, वेडी बाभूळ, सुबाभूळ, शिकेकाई या सगळ्यांची पाने मात्र एकाच ठेवणीची असतात: मधला एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने फुटलेले उपदांडे आणि प्रत्येक उपदांड्यावर बारीक पर्णिकांच्या दोन रांगा. उन्हाच्या, कमी पावसाच्या मुलखात हे पान फायद्याचे ठरते. बारीक पर्णिका लवकर तापत नाहीत, आणि पुष्कळ जातींत त्या रात्री मिटतात. एवढी सोयीची ठेवण या सगळ्या गोतावळ्याने सांभाळून ठेवली आहे. उपदांड्यांच्या जोड्या मोजता येतात आणि मोजाव्यातही, पण ते काम शेवटचे. पहिला प्रश्न काट्याला विचारायचा: तू कुठून फुटलास?

लांबी विचारण्यात अर्थ नाही. कोवळ्या बाभळीचे काटे बोटभर लांब असतात, आणि त्याच जातीच्या मोठ्या झाडाच्या शेंड्याकडे काटा शोधावा लागतो. जनावरांनी ओरबाडलेल्या फांदीवर पुढचे काटे अधिक लांब येतात, हे आफ्रिकेतल्या बाभळींवर प्रयोग करून दाखवलेले आहे. काट्याचा उगम मात्र बदलत नाही. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना दोन उपपर्णे असतात. जास्वंदीला ती बारीक हिरवी दिसतात. बाभळीत या उपपर्णांचेच काटे झालेले असतात. म्हणून बाभळीचा काटा नेहमी जोडीने, नेहमी पानाच्या तळाशी आणि सरळ असतो. दुसऱ्या प्रकारचा काटा सालीतून उगवतो. गुलाबाचा काटा असा असतो. अंगठ्याने बाजूला दाबला तर तो सालीच्या पापुद्र्यासकट निघून येतो. खैराचा काटा या जातीचा आहे, आणि शमीचाही. तिसरा प्रकार फांदीचा. आखूड फांदी वाढता वाढता थांबते आणि तिचे टोक टणक, अणकुचीदार होते. शिगमकाटीचा काटा असा असतो आणि कधीकधी त्या काट्यावरच पाने फुटलेली दिसतात. शिगमकाटी फुलली असेल तर काट्यापर्यंत जायचीही गरज नाही. तिचा तुरा अर्धा गुलाबी आणि अर्धा पिवळा असतो, आणि अशी दुरंगी लोंब या परिवारात आपल्याकडे दुसऱ्या कुणाला येत नाही.

आता ती नावाची हकीकत. फिलिप मिलर या इंग्रज माळ्याने १७५४ साली अकेशिया ही प्रजाती मांडली. पुढे तिच्यात जगभरच्या जाती भरत गेल्या आणि त्यांची संख्या तेराशेच्या पुढे गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले, की हे एक घराणे नाही. त्यात निदान तीन मोठी, वेगवेगळी घराणी कोंबलेली आहेत. वाटणी करायची तर मूळ नाव कुणाकडे ठेवायचे? नियम सांगतो, की ज्या जातीवरून प्रजाती ठरली ती जिकडे जाईल तिकडे नाव जाते. त्या हिशोबाने नाव बाभळीकडे, म्हणजे आफ्रिका-आशियाकडे राहायला हवे होते. पण एकट्या ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला सुमारे हजार जाती येत होत्या, आणि त्या सगळ्यांची नावे बदलण्यापेक्षा नियमाला अपवाद करावा, असा प्रस्ताव आला आणि समितीने त्याची शिफारस केली. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत यावर मतदान झाले. निम्म्याहून जास्त मते प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण समितीची शिफारस फेटाळायला साठ टक्के लागत होती आणि तेवढी मते भरली नाहीत. आफ्रिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना हे फार लागले. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत वाद पुन्हा निघाला आणि निर्णय कायम राहिला. सोनेरी फुलांची वॅटल, म्हणजे तिथली अकेशियाच, ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय पुष्प आहे आणि परिषदही त्यांच्याच अंगणात भरली होती. आफ्रिकावाल्यांनी नाके मुरडली असतील तर त्यांना दोष देता येत नाही.

या भांडणात रानात हिंडणाऱ्याचा मात्र फायदा झाला, असे माझे मत आहे. आपल्या काटेरी जाती आता दोन प्रजातींत विभागल्या गेल्या: व्हॅचेलिया आणि सेनेगॅलिया. ही विभागणी प्रयोगशाळेत रेणू तपासून पक्की झाली, तरी ती नुसत्या डोळ्यांनी काट्यावर दिसते. व्हॅचेलियाचे काटे सरळ, उपपर्णांपासून झालेले. तिची फुले गोल गोंड्यात येतात आणि गोंड्याच्या देठावर मध्येच बारीक छदांचे एक कडे असते. सेनेगॅलियाचे काटे सालीचे, बहुधा वाकडे. फुले बहुतेक जातींत लांब तुऱ्यात येतात, आणि देठावर कडे नसते. ‘बहुधा’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. शिकेकाईकडे आल्यावर त्यांची गरज पडेल.

सरळ काट्यांच्या घराण्यात पहिला मान बाभळीचा, व्हॅचेलिया निलोटिकाचा. साल गडद तपकिरी ते काळी, उभ्या खोल भेगांची. गोंडे भडक पिवळे, मंद वासाचे. पावसाळ्यात फुलायला सुरुवात होते आणि हिवाळ्यापर्यंत ते चालू राहते. शंका उरली तर शेंग पाहावी. दर दोन बियांच्या मध्ये शेंग आवळलेली असते, त्यामुळे ती मण्यांच्या माळेसारखी दिसते, आणि तिच्यावर राखाडी, मखमली लव असते. अशी शेंग आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही बाभूळवर्गीय झाडाला येत नाही. ही शेंग झाडावर उकलून बी सांडत नाही. ती उन्हाळ्यात तशीच खाली पडते आणि शेळ्या-मेंढ्या ती खातात. रवंथ करताना काही बिया त्या तोंडातून टाकून देतात, काही लेंड्यांतून पडतात. पोटातून आलेले बी लवकर रुजते, म्हणून वनखातेही एकेकाळी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यांतून बाभळीचे बी गोळा करवून घेई. गावाशेजारच्या गायरानात, बांधांवर आणि मेंढपाळांच्या तळांवर बाभूळ हमखास दिसते त्याचे कारण हेच.

जागाही ओळखीला मदत करते. बाभळीला काळी, खोल, ओल धरणारी जमीन हवी. नदीकाठच्या मळईत, पुराचे पाणी चार दिवस साचले तरी ती टिकते. दख्खनच्या नद्यांकाठची बाभूळबने अशीच उभी राहिली. तिचे लाकूड जड आणि चिवट, म्हणून गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, नांगर, कुळव हे सगळे तिचेच असायचे. सालीत टॅनिन भरपूर असल्याने कातडी कमावायला ती वापरत. कानपूरच्या कातडी धंद्याचा मोठा भार पूर्वी बाभळीच्या सालीवर होता.

बाभळीच्या या एकाच जातीत आणखी पोटभेद आहेत, आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आधी सुतारांनी व शेतकऱ्यांनी ओळखले होते. पसरट माथ्याची, उत्तम लाकडाची ती तेल्या बाभूळ. जिच्या फांद्या खोडाला धरून सरळ वर जातात आणि जी दुरून सुरूच्या झाडाइतकी सडपातळ दिसते, ती रामकाठी. शेताच्या बांधावर रामकाठी लावणारा शेतकरी विचार करूनच लावत असे, कारण तिची सावली पिकावर फारशी पडत नाही. नवख्याला मात्र ती वेगळीच जात वाटते. शेंग हातात घ्यावी. तीच आवळलेली, तीच लव. बाभूळच.

हिवर ओळखायला काटा पुरत नाही. त्याचेही काटे सरळ आणि जोडीचेच असतात. इथे साल आणि फुलोरा बोलतात. त्याचे शास्त्रीय नाव व्हॅचेलिया ल्यूकोफ्लोया, आणि ते पांढऱ्या सालीवरून पडले आहे. तरुण झाडाचे खोड फिकट, पिवळसर राखाडी आणि बरेचसे गुळगुळीत असते. जुन्या झाडाच्या बुंध्याशी साल काळवंडून खडबडीत होते, म्हणून बुंध्याऐवजी वरच्या फांद्या पाहाव्यात. पावसाळा सरता सरता हिवर फुलतो तेव्हा चूक होऊ नये. बाभळीचे गोंडे पानांच्या बगलेत थोडे थोडे येतात, तर हिवराचे बारीक, मलईच्या रंगाचे गोंडे फांद्यांच्या टोकांना मोठमोठ्या घोसांत येतात आणि सगळा माथा फिकट दिसू लागतो. शेंग अरुंद, चपटी, किंचित वाकलेली, तपकिरी लवेची असते. दोन बियांमध्ये ती आवळलेली नसते. बाभूळ काळ्या रानात, तर हिवर मुरमाड माळावर आणि हलक्या जमिनीत वाढतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला लोक जातात. चिंकारा दिसेपर्यंतचा वेळ हिवर, बाभूळ आणि खैर यांच्या साली ताडून पाहण्यात चांगला जातो. झाडे पळून जात नाहीत.

दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर याच घराण्यातले एक झुडूपही भेटते. काटे हस्तिदंताच्या रंगाचे, जाडजूड आणि पानांपेक्षा कितीतरी लांब. व्हॅचेलिया एबर्निया हे त्याचे नाव. पाने इतकी तोकडी, की उन्हाळ्यात दुरून फक्त पांढरे काटेच दिसतात.

देवबाभूळ या घराण्यातली पाहुणी आहे. ती मूळची उष्ण अमेरिकेतली. सतराव्या शतकात रोममध्ये फार्नेसे घराण्याच्या बागेत ती वाढवली गेली, आणि फार्नेसियाना हे नाव तिला तिथेच चिकटले. फ्रान्समध्ये ग्रास गावाच्या अत्तरवाल्यांनी तिच्या फुलांची शेती केली. आपल्याकडे ती कुंपणाला, ओढ्याकाठी झुडूप होऊन राहिली. गोंडे गडद सोनेरी, थंडीत फुलणारे, आणि वास असा की झाड दिसण्याआधी लागतो. बाभळीशी गोंधळ झाला तर पुन्हा शेंग पाहावी: हिची शेंग आखूड, फुगीर, नळीच्या आकाराची, जवळजवळ काळी आणि लव नसलेली.

आता खैर. खैराच्या फांदीतून शर्टाची बाही सोडवून घेताना वाकड्या काट्याचे काम समजते. सरळ काटा पुढे येणाऱ्याला टोचतो, हा मागे जाणाऱ्याला धरून ठेवतो. काटे आखूड, आकड्यासारखे, पानाच्या तळाशी जोडीने. जोडी पाहून उपपर्णांचा भास होतो, पण हे सालीचेच. साल गडद, अरुंद पट्ट्यांनी सुटणारी. फुले फिकट पिवळ्या तुऱ्यांत, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसात. शेंग पातळ, चपटी, चकचकीत तपकिरी. ती झाडावरच उकलते. पानाला उपदांड्यांच्या दहापासून तीसपर्यंत जोड्या असतात आणि प्रत्येकावर पर्णिका इतक्या बारीक, की मोजता मोजता डोळे थकतात. उत्तर हिंदुस्थानातला खैर कोवळ्या फांद्यांवर आणि फुलोऱ्यावर केसाळ असतो, तो सेनेगॅलिया कॅटेचू. दख्खनकडचा बहुधा केस नसलेला आणि कोवळ्या फांद्या लालसर तपकिरी असलेला दिसतो. त्याला आता पुष्कळ जाणकार सेनेगॅलिया चुंद्रा अशी वेगळी जात मानतात. भिंग नसेल तर या भेदाच्या मागे लागू नये. कोकणातल्या कुठल्याही माणसाला दोन्ही खैरच.

खैराची खरी ओळख आत, लाकडात असते. बाहेरचे लाकूड फिकट पिवळसर, गाभा गडद लाल. या गाभ्याचे ढलपे पाण्यात उकळून, ते पाणी आटवून काथ निघतो. काही जुन्या झाडांच्या गाभ्याच्या पोकळीत पांढरा, स्फटिकासारखा पदार्थ साठलेला सापडतो, त्याला खैरसाल म्हणतात. काथ करण्याच्या कामावरूनच कातकरी समाजाला नाव मिळाले, असे मानले जाते. रायगड-ठाण्याच्या रानांत खैर तोडून, मडक्यांत ढलपे उकळून काथ करणे हे त्यांचे परंपरागत काम होते. वनकायद्यांनी रान बंद केले तसे ते काम हातचे गेले आणि पुष्कळ कुटुंबे कोळसा आणि वीटभट्ट्यांच्या मजुरीला लागली. काथाचे कारखाने मात्र राहिले. चिपळूणजवळचे सावर्डे त्यासाठी प्रसिद्ध आहे. खैर महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे खाजगी जमिनीतला खैरही परवानगीशिवाय तोडता येत नाही. तो चोरीने तोडला जातो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. रानात नुकताच तोडलेला लाल गाभ्याचा बुंधा दिसला तर जात ओळखायला पाने शोधण्याची गरज नाही.

खैराचा एक भाऊबंद, सेनेगॅलिया फेरुजिनिया, काही भागांत पांढरा खैर म्हणून ओळखला जातो. उपदांड्यांच्या जोड्या मोजायचे शेवटचे काम म्हणालो होतो ते इथे करावे. खैराला दहाच्या पुढे, याला जेमतेम तीन ते सहा. पर्णिकाही मोठ्या आणि शेंग रुंद.

शिकेकाई मात्र नियम मोडते. काटे सालीचे, वाकडे आणि जोडीचा नियम न पाळता सगळ्या फांदीभर विखुरलेले, म्हणजे घराणे सेनेगॅलियाचे. फुले मात्र तुऱ्यात न येता गोल गोंड्यांत येतात. गोंड्यावर भरवसा ठेवणारा इथे फसतो, काट्यावर ठेवणारा फसत नाही. शिवाय ती वेल आहे. आकड्यासारखे काटे अडकवत ती सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या झाडांच्या माथ्यावर चढते. सुकल्यावर सुरकुतणाऱ्या मांसल शेंगा तर प्रत्येक घरातल्या आजीला माहीत असतात.

राहिले तोतये. इथे भिंग लागते, पण साधे दहापट मोठे दाखवणारे पुरते. फुलाचा एक गोंडा किंवा तुरा घ्यावा आणि त्यातले एकच लहानसे फूल वेगळे करून पुंकेसर पाहावेत. बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई या सगळ्यांत पुंकेसर असंख्य आणि सुटे असतात. गोंडा मऊ, झुबकेदार दिसतो तो त्यांच्यामुळेच. पुंकेसर मोजून दहा भरले, तर ते झाड बाभळीच्या घराण्यातले नाही.

या परीक्षेत सगळ्यात आधी नापास होते ती वेडी बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. हिरवट पिवळा, लोंबता तुरा. पानाला उपदांड्यांची एक किंवा दोन जोडी, क्वचित तीन, आणि पर्णिका बाभळीपेक्षा स्पष्टपणे मोठ्या. शेंग पेंढ्याच्या रंगाची, जाड, गोडसर, न उकलणारी. मूळची अमेरिकेतली ही जात १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणली गेली. जळणासाठी आणि ओसाड जमिनी हिरव्या करण्यासाठी तिचा प्रसार केला गेला, आणि हिरवे करण्याचे काम तिने गरजेपेक्षा फारच नेटाने केले. शमी तिची जवळची मानली जाई. शमीचे सालीचे, शंकूच्या आकाराचे काटे पेराशी नसून दोन पेरांमध्ये कुठेही विखुरलेले असतात, ही तिची पक्की खूण. २०२२ साली प्रोसोपिसचीही वाटणी झाली. अमेरिकेतल्या जाती नेल्टुमा आणि इतर प्रजातींत गेल्या. मूळ नाव या वेळी आपल्या शमीकडे राहिले, कारण प्रजाती तिच्यावरूनच ठरलेली होती आणि इथे कुणी अपवाद मागितला नाही.

वेडी बाभूळ हे नाव सगळीकडे एकाच झाडाचे नाही, हे लक्षात ठेवावे. काही भागांत पार्किन्सोनियाला तसे म्हणतात. त्याची साल हिरवी, पानाचा दांडा लांब, पट्टीसारखा चपटा, आणि फूल पाच सुट्या पाकळ्यांचे, पिवळे. एवढे पाहिले की झाले. विलायती चिंचेचे काटेही सरळ आणि जोडीचे असतात, पण तिच्या पानाला मोजून चारच पर्णिका असतात. सुबाभूळ नुसत्या नावाची बाभूळ: काटे नाहीत, गोंडे पांढरे, पुंकेसर दहा, चपट्या शेंगांचे झुबके. ती मेक्सिकोकडची. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने १९७० च्या दशकापासून चाऱ्यासाठी तिचा मोठा प्रसार केला.

राजस्थानच्या वाळूत गेलात तर इस्रायली बाभळीपाशी जरा थांबावे. व्हॅचेलिया टॉर्टिलिस. माथा छत्रीचा, शेंगा पीळ घातलेल्या, आणि एकाच फांदीवर लांब, सरळ, पांढऱ्या काट्यांच्या जोड्यांबरोबर आखूड, वाकड्या काट्यांच्याही जोड्या. सरळ म्हणजे व्हॅचेलिया, वाकडा म्हणजे सेनेगॅलिया, एवढेच पाठ केले असेल तर इथे गोंधळ उडेल. वाकडा असला तरी हिचा काटा उपपर्णाचाच आहे, आणि फुले गोंड्यात येतात.

आता ते चौथे झाड, कायद्याने अकेशिया असलेले अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. कोकणात महामार्गाच्या कडेला आणि गोव्यात खाणींतल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर ते मुबलक लावले गेले. काटा नाही. फुलांचे पिवळे तुरे. शेंग कानाच्या पाळीसारखी मुरडलेली, आणि तिच्यातून काळ्या बिया नारिंगी धाग्यांना लोंबत असतात. पान म्हणून जे लांब, विळ्यासारखे वाकलेले, उभ्या समांतर शिरांचे दिसते ते खरे पान नाही. तो पसरट झालेला देठ आहे. झाडाखाली नुकतीच उगवलेली रोपे शोधावीत. त्यांची पहिली एकदोन पाने अगदी बाभळीसारखी, बारीक पर्णिकांची असतात. त्यापुढच्या एखाद्या पानावर खाली रुंद होत चाललेला देठ आणि टोकाला अजून शिल्लक असलेल्या पर्णिका, असे दोन्ही एकत्र दिसते, आणि त्यानंतरच्या पानांवर पर्णिका उरत नाहीत.